अर्धाच वाचलेला निकाल

भारतातल्या खाजगी टीव्हीचा इतिहास सांगायला घेतला की गाडी हमखास सुभाष चंद्रांपाशी येऊन थांबते. हिसारचं व्यापारी घराणं, सोव्हिएत रशियाला तांदळाची निर्यात, मग टूथपेस्टच्या ट्यूब बनवायचा कारखाना, गोराईला एस्सेलवर्ल्ड आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही. गोष्ट खरी आहे, रंगतदारही आहे. माझी तक्रार तिच्यातून काढल्या जाणाऱ्या तात्पर्याबद्दल आहे. सरकारने दूरदर्शनच्या खुंटीला लोकांना बांधून ठेवलं होतं, एका धाडसी माणसाने त्यांना सोडवलं आणि तेव्हापासून प्रेक्षक राजा झाला, असं ते तात्पर्य. प्रेक्षक मोकळा झाला हे खरं. राजा झाला का, हे मात्र आता तीस-बत्तीस वर्षांनी नीट तपासायला हवं, कारण या गोष्टीचा पुढचा अंक आपल्या डोळ्यांसमोर घडतोय आणि त्यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही.

दूरदर्शनची मक्तेदारी म्हणजे काय होतं, हे आज तिशीतल्या माणसाला समजावणं कठीण आहे. ब्रिटिशांनी १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा हक्क सरकारकडे राखून ठेवला आणि स्वतंत्र भारताने तोच कायदा टीव्हीलाही लावला. आणीबाणीत बातम्यांमधून विरोधक गायब झाले, आणि आणीबाणी उठल्यावरही मंत्र्यांची फीत कापण्याची हौस काही संपली नाही. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या मुंबई केंद्राने (झीच्या बरोबर वीस वर्षं आधी, तारीखही तीच) वरळीतून जे मराठी कार्यक्रम दिले, त्यात 'आमची माती आमची माणसं' होतं, 'ज्ञानदीप' होतं, 'प्रतिभा आणि प्रतिमा' होतं, 'गजरा' होता. शेतकरी, विद्यार्थी, कवितेचा वाचक, हसायला बसलेलं कुटुंब या सगळ्यांना आठवड्यात कुठेतरी जागा होती. ती जागा जाहिरातदाराने दिली नव्हती म्हणूनच होती.

मग १९९१ उजाडलं. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि मोठ्या हॉटेलांतल्या डिशवर सीएनएन दिसू लागलं. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याला यात धंदा दिसला. त्याच्याकडे व्हीसीआर होताच, इमारतीत वायर टाकून रात्री पिक्चर दाखवायची सवयही होती. आता गच्चीवर डिश आली. एका गच्चीवरून दुसरीवर, मध्ये झाड असेल तर झाडावरून, काळी वायर लोंबत गेली. काही घरांमागे एक बूस्टर, पावसाळ्यात त्यावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पोरगा कार्ड घेऊन दारात उभा. पावती मागितली तर हसायचा. फायनल मॅचच्या दिवशी चित्र गेलं तर सगळी वाडी त्याच्या नावाने शंख करायची आणि तो शिडी घेऊन धावत यायचा. या सगळ्याला ना पालिकेची परवानगी होती, ना तार खात्याची. केबलसाठी कायदा झाला तो १९९५ साली, म्हणजे वायर घराघरांत पोचल्यानंतर.

झीचा उदय समजून घ्यायचा तर या वायरपासून सुरुवात करावी लागते. वाहिनी काढणाऱ्याला एरवी जो सगळ्यात मोठा खर्च असतो, म्हणजे घरापर्यंत पोचण्याचा, तो इथे हजारो छोट्या केबलवाल्यांनी आणि महिन्याचे पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनी आधीच उचलला होता. सरकारने या व्यवहाराला परवानगी दिली नाही आणि अडवलंही नाही. चंद्रांची करामत अशी की ही पोकळी त्यांनी इतरांच्या आधी ओळखली. एशियासॅट-१ या उपग्रहावरची जागा हाँगकाँगच्या स्टार टीव्ही कंपनीच्या हातात होती. स्टारला हिंदीत रस नव्हता, भारतात पैसा आहे यावर विश्वासही नव्हता. चंद्रांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय त्याप्रमाणे वर्षाला पन्नास लाख डॉलर मोजायची तयारी त्यांनी दाखवली, चालू दरापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा गाडं पुढे सरकलं. भारतातून उपग्रहाकडे थेट सिग्नल पाठवायची खाजगी वाहिनीला मुभा नव्हती. म्हणून मुंबईत चित्रित झालेल्या कार्यक्रमांच्या टेप विमानाने हाँगकाँगला जायच्या, तिथून आकाशात, आणि आकाशातून परत कांदिवलीच्या गच्चीवर. इतका द्राविडी प्राणायाम करूनही धंदा नफ्यात आला, यावरून दूरदर्शनने प्रेक्षकाला किती उपाशी ठेवलं होतं याची कल्पना येते.

पुढचं नाट्य सगळ्यांना ठाऊक आहे. १९९३ मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांनी स्टार विकत घेतलं आणि त्याच वर्षी झीच्या कंपनीतही जवळपास अर्धा हिस्सा घेतला. भागीदारीतली एक अट अशी की स्टारने हिंदीत उतरायचं नाही. १९९९ मध्ये चंद्रांनी मर्डोक यांचा हिस्सा विकत घेतला आणि मोकळ्या झालेल्या स्टार प्लसने जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' आणि सासू-सुनांच्या रोजच्या मालिका आणून झीला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. या भांडणाने प्रेक्षकाचा फायदाच झाला, हे मान्य.

मराठीसाठी महत्त्वाची तारीख मात्र वेगळी आहे, १५ ऑगस्ट १९९९. त्या दिवशी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली, पुढे २००५ मध्ये तिची झी मराठी झाली. त्या काळी जाहिरात एजन्सीत एक ठरलेलं वाक्य ऐकू यायचं : मराठी माणूस हिंदी बघतोच, मग त्याच्यासाठी वेगळे पैसे कशाला? तमिळ वाहिनीला मिळणारा भाव मराठीला मिळत नसे, तो याच तर्काने. अल्फाने आणि पाठोपाठ २००० साली आलेल्या ईटीव्ही मराठीने हा तर्क खोटा पाडला. प्रायोगिक आणि व्यावसायिक रंगभूमीवरच्या नटांना महिन्याचं उत्पन्न मिळू लागलं, लेखकांना घराचे हप्ते भरता येऊ लागले. कॉलेजात शिकवणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई मालिकेची नायिका होऊ शकते हे याच काळात दिसलं. २००४ पासून 'होम मिनिस्टर' घेऊन आदेश बांदेकर लहान गावांतल्या घरांत शिरले. त्यातल्या पैठणीची चेष्टा करायला आपल्याला आवडतं, पण कॅमेऱ्यासमोर आधी कधीच न बोललेल्या किती बायका तिथे स्वतःच्या लग्नाबद्दल, सासूबद्दल, स्वयंपाकाबद्दल मोकळेपणाने बोलल्या, ते वरळीच्या स्टुडिओला जमलं नव्हतं. खाजगी वाहिनीचं हे देणं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण हे देणं कुणाला मिळणार हे ठरत होतं टीआरपीवर, आणि टीआरपीच्या पेट्या बसत होत्या शहरांत. २०१५ पर्यंत ग्रामीण भारत या मोजणीत नव्हताच. महाराष्ट्रातल्या कोट्यवधी गावकऱ्यांनी वाहिनी बघितली काय किंवा नाही बघितली काय, आकड्यात फरक शून्य. साहजिकच मालिकांतली माणसं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहत होती, भांडणं मॉड्युलर किचनमध्ये होत होती आणि विदर्भात शेतकरी आत्महत्यांचं सत्र चालू असतानाच्या वर्षांत मनोरंजन वाहिन्यांवर शेती हा विषय जवळजवळ नव्हता. ऑक्टोबर २०१५ पासून बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेने गावातली घरं मोजायला सुरुवात केली. पुढच्या दोनेक वर्षांत मालिकांचे सेट कोल्हापूर, सातारा भागात गेले, नायक पैलवान झाला, फौजी झाला. गावाकडच्या माणसाबद्दल वाहिन्यांना अचानक माया वाटू लागली असं नाही. तो मोजला जाऊ लागला, एवढंच. आणि मोजला गेला तरी तो जाहिरातदाराचं गिऱ्हाईक म्हणूनच मोजला गेला. त्याची पिकं, त्याचं पाणी, त्याचा बाजारभाव यांचा कार्यक्रम आजही सह्याद्रीकडेच आहे.

आणखी एक बदल झाला, तो पडद्यावर दिसत नाही. दूरदर्शनच्या प्रायोजित पद्धतीत निर्माता पैसे भरून वेळ घ्यायचा, त्या बदल्यात जाहिरातीची सेकंदं मिळवायचा आणि ती विकायचा. त्यात भानगडी खूप होत्या, दिल्लीत दूरदर्शनच्या मुख्यालयाच्या, मंडी हाऊसच्या, चकरा होत्या, पण कार्यक्रमाचा मालक बऱ्याचदा निर्माताच असायचा. खाजगी वाहिनीने कमिशनिंग आणलं. पैसे वाहिनीचे, जोखीम वाहिनीची आणि हक्कही कायमचे वाहिनीचे. निर्माता एका अर्थी ठेकेदार झाला. आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली की रात्री दोनपर्यंत शूटिंग, सकाळी सातचा कॉलटाइम, लेखकाकडून सीन व्हॉट्सअ‍ॅपवर येतोय आणि नट मेकअप करता करता तो पाठ करतोय, हे गोरेगावपासून घोडबंदर रोडपर्यंत कुठल्याही सेटवर बघायला मिळतं. पैसे 'नाईन्टी डेज'ने, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचा चेक एप्रिलमध्ये आला तर नशीब. तक्रार कुणाकडे करायची? दुसऱ्या वाहिनीकडे जाता येईल एवढाच कलाकाराचा आधार होता. हा आधार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शीर्षकातल्या निकालाकडे येतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये हिरो कप ही क्रिकेट स्पर्धा झाली. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले आणि सरकारने तार कायद्याचा बडगा उगारला. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्या. पी. बी. सावंत यांनी, आपल्या महाराष्ट्राचेच, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या मालकीची नाही, हे त्यातलं वाक्य सगळ्यांनी उचललं. खाजगी वाहिन्यांनी तर त्याचा झेंडाच केला. सरकारची मक्तेदारी संपली!

पण निकाल तिथे संपत नाही. या लहरींचा वापर लोकांच्या हितासाठी नियंत्रित करायला समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व करणारं स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण ताबडतोब स्थापन करा, असा स्पष्ट आदेश केंद्र सरकारला त्यात आहे. न्या. जीवन रेड्डी यांनी वेगळ्या निकालपत्रात आणखी एक पाऊल पुढे टाकलं. महत्त्वाचा आहे तो बघणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा हक्क, प्रक्षेपण करणाऱ्याचा नव्हे. आणि मक्तेदारी सरकारची असो वा दुसऱ्या कुणाची, ती नागरिकांच्या अभिव्यक्तीच्या हक्काशी विसंगत आहे, असा त्याचा आशय. 'दुसऱ्या कुणाची' हा भाग आपण वाचलाच नाही. सरकारला तो गैरसोयीचा होता, कारण स्वायत्त प्राधिकरण म्हणजे लगाम हातचा जाणार. वाहिन्यांना गैरसोयीचा होता, कारण त्यांना मोठं व्हायचं होतं. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक संसदेत आलं, सरकार पडलं, विधेयक बुडालं. त्याच वर्षी प्रसार भारती अस्तित्वात आली, पण ती दूरदर्शन-आकाशवाणीपुरती. खाजगी प्रसारणाची परवानगी, नोटीस, बंदी सगळं आजही केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाच्या टेबलावरच आहे.

त्या मोकळ्या रानात झीनेही तेच केलं जे कुठलाही वाढता उद्योग करेल. वाहिनीबरोबर सिटीकेबल काढून वायर ताब्यात घेतली, २००३ मध्ये डिश टीव्ही आणून थेट घरांवर छत्र्या बसवल्या. ज्याची वाहिनी त्याचीच वायर, म्हणजे दुसऱ्याची वाहिनी कुठल्या नंबरवर दिसेल हेही त्याच्याच हातात. मोठ्या केबल कंपन्या वाहिन्यांकडून कॅरेज फी, म्हणजे वाहिनी दाखवण्याचे पैसे, घेऊ लागल्या, आणि चांगल्या बँडवर जागा न मिळालेली छोटी वाहिनी जुन्या टीव्ही संचात दिसायचीच नाही. मक्तेदारी मोडायला निघालेल्याला दुसरी मक्तेदारी कशी चिरडते याचा अनुभव झीला क्रिकेटमध्ये आला. हक्क मिळेनात म्हणून २००७ मध्ये त्यांनी स्वतःची क्रिकेट लीग काढली, भारतीय क्रिकेट मंडळाने तिथे खेळणाऱ्यांवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी आयपीएल उभं केलं. त्यावेळी मला झीबद्दल सहानुभूती वाटली होती, हे सांगून टाकतो.

आता आजचं चित्र बघा. जानेवारी २०१९ मध्ये झीचा मालक असलेला चंद्रांचा एस्सेल समूह कर्जाच्या ओझ्याखाली आला आणि चंद्रांना कर्जदात्यांची जाहीर माफी मागणारं पत्र लिहावं लागलं. झीमधला कुटुंबाचा हिस्सा घसरत घसरत पाच टक्क्यांच्याही खाली गेला. सोनीबरोबर ठरलेलं विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये सोनीने मोडलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला रिलायन्सची वायाकॉम१८ आणि डिस्नेची स्टार एक झाली. व्यवहाराची किंमत ७०,३५२ कोटी रुपये सांगितली गेली. स्पर्धा आयोगाने अटींसह मान्यता दिली. मराठीच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. ईटीव्ही मराठी हैदराबादच्या रामोजी रावांकडून नेटवर्क१८ कडे गेली, कलर्स मराठी झाली आणि रिलायन्सच्या घरात आली. २००८ मध्ये सुरू झालेली स्टार प्रवाह मर्डोककडून २०१९ मध्ये डिस्नेकडे आणि तिथून त्याच घरात. रात्री आठ वाजता एकमेकींच्या विरोधात मालिका लावणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांचा मालक आता एकच आहे. समोरासमोरच्या दोन खानावळी एकाने घेतल्या तर पाट्या वेगळ्या राहतात, आमटी एकाच पातेल्यातून येऊ लागते. आणि मघाचा तो कलाकाराचा आधार आठवा. एका वाहिनीशी पटलं नाही तर दुसरीकडे जाईन, असं तो आता किती ठिकाणी म्हणू शकेल?

क्रिकेटमध्ये तर हे आकड्यांत दिसतं. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना आणि डिजिटलचे वायाकॉम१८ ने २३,७५८ कोटींना घेतले. त्या लिलावातले हे दोघे बोली लावणारे आज एका टेबलाच्या एकाच बाजूला बसलेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं की टीव्ही आता बघतो कोण, सगळं मोबाइलवर आहे, यूट्यूबवर कुणीही चॅनल काढू शकतो. उत्तर अर्धवट आहे. यूट्यूबवर मराठी मुलं उत्तम काम करतायत, मीही बघतो. पण रोज संध्याकाळी कुटुंब एकत्र बसून जे बघतं, ज्याच्यावर शेकडो कलाकार-तंत्रज्ञांची घरं चालतात, ते अजून याच वाहिन्यांवर आहे. आणि मोबाइलवर तरी वेगळं काय आहे? सावंत यांच्या निकालाला ९ फेब्रुवारी २०२५ रोजी तीस वर्षं झाली, त्याच आठवड्यात जिओहॉटस्टार सुरू झालं. मोबाइलचं कार्ड, त्यावरचं अ‍ॅप, अ‍ॅपवरची मालिका आणि मालिकेची वाहिनी एकाच छताखाली. सिटीकेबलच्या काळी निदान शेजारच्या गल्लीत दुसरा केबलवाला होता.

दुसरा सूर असा लागतो की मराठी वाहिन्या अमराठी भांडवलदारांच्या हातात आहेत हेच दुखणं. यात मला दम वाटत नाही. हिसारचा, हैदराबादचा, टोकियोचा, चेन्नईचा पैसा मराठीत आला तेव्हा आपल्याकडचे साखर आणि शिक्षणसम्राट कॉलेजांच्या इमारती बांधण्यात गुंतले होते. मालक मराठी असता तर 'नाईन्टी डेज'चे तीस दिवस झाले असते असं मानायला काही आधार नाही. प्रश्न मालकाच्या आडनावाचा नाही, मालक किती आहेत याचा आहे.

नियमन म्हटलं की आपल्याकडे लगेच सेन्सॉरशिप डोळ्यांसमोर येते, आणि त्याला सरकारच जबाबदार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला प्रसारण विधेयकाचा मसुदा आणि २०२४ च्या जुलैमध्ये मोजक्या मंडळींना दिलेली त्याची सुधारित आवृत्ती, दोन्हींचा सगळा रोख कोण काय बोलतो यावर होता. यूट्यूबवर बातम्यांचं विश्लेषण करणारा एकटा माणूसही त्याच्या कचाट्यात येणार होता. ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये वाटलेल्या प्रती परत मागवण्यात आल्या. बरं झालं. पण कुणाच्या मालकीचं किती असावं हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलाच नाही. त्याचं उत्तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ऑगस्ट २०१४ मध्येच लिहून दिलंय. माध्यमांच्या मालकीवर मर्यादा हवी, आणि बाजारातला वाटा मोजायचा तो देशभराची सरासरी काढून नव्हे, तर भाषा आणि राज्य धरून, अशी ती शिफारस. देशभरातल्या शेकडो वाहिन्यांत दोन मराठी वाहिन्या म्हणजे चिमूटभर. मराठी मनोरंजनात मोजल्या तर त्याच दोन वाहिन्यांचं वजन एकदम दिसू लागतं. दहा वर्षांहून जास्त काळ ती शिफारस मंत्रालयाच्या कपाटात आहे.

ती कपाटातून काढा, एवढी मागणी तरी महाराष्ट्रातून व्हायला हवी. आपले ४८ खासदार आहेत, मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे फलक त्यांनी चौकाचौकांत लावलेत. लोकसभेत त्यांच्यापैकी एकाने जरी विचारलं की मराठी वाहिन्यांच्या बाजारात एका मालकाचा वाटा किती आणि १९९५ च्या निकालातलं प्राधिकरण कुठे आहे, तरी मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागेल. निर्मात्यांच्या आणि कलाकारांच्या संघटनांनी त्याच्या जोडीला आपले करार उघड करावेत : हक्क किती वर्षांचे, पैसे किती दिवसांत. एकेकटा नट हे बोलला तर त्याचा ट्रॅक संपतो, पात्र अपघातात जातं. सगळ्यांनी मिळून बोलायचं तर ते आत्ताच, कारण पुढच्या विलीनीकरणाच्या बातम्या यायला लागल्या की बोलायला दुसरी वाहिनी उरलेली नसेल.